न्हाणीघरांतील गीझर आणि वारंवार पडणारी कळ

पहाटेचे पांच वाजलेले असतात. कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या वाटेवर जें पहिलें स्टेशन लागतें त्या शहाडच्या फलाटावर वर्दळ सुरू झालेली असते, आणि स्टेशनच्या दोन्ही अंगांस वसलेल्या बिऱ्हाडांतून मुंबईस जाणाऱ्यांच्या आंघोळीची घाई चाललेली असते. अशा वेळीं कोणी गीझरची कळ दाबावी आणि त्याच क्षणीं सबंध घरांत अंधार व्हावा, हा अनुभव पुष्कळ श्रोत्यांना नवा नसेल. एकदां झाला तर तो सोडून देतां येतो. परंतु दुरुस्ती करूनही दोन महिन्यांनीं पुन्हां तेंच, आणि पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां तेंच, असें होऊं लागलें म्हणजे त्याला अपघात म्हणतां येत नाहीं. त्या बिघाडाचें मूळ कोठें तरी शिल्लक राहिलेलें असतें. तें कसें शोधावें हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

पूर्वीच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. मधल्या नळींत कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या पेटत, भोंवतीं पाणी तापे आणि खालीं राख पडे. बंबाला काय झालें आहे तें घरांतील म्हातारीलाही दुरून कळे. धूर कोंदला, तोटी गळूं लागली, बुडास भोंक पडलें, सर्व कांहीं डोळ्यांसमोर. गीझरचें सर्व काम बंद डब्याच्या आंत चालतें. त्याचें नांवही दुरून आलेलें आहे. आइसलंडांत जमिनींतून उसळणाऱ्या एका कढत झऱ्याला तेथील लोक गैसीर म्हणतात. १८६८ मध्यें लंडनच्या बेंजामिन मॉन यानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढलें तेव्हां त्यानें तें नांव उचललें. पुढें गॅसच्या जागीं बहुतेक ठिकाणीं वीज आली, पण नांव टिकलें. कढत झऱ्यांसाठीं ठाणें जिल्ह्यांतील माणसास इतकें लांब जाण्याचें कारण नाहीं. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथें ते आहेतच. असो.

आतां एक घर कल्पावें. तें शहाडच्या एका जुन्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर आहे. घरांत वृद्ध आई, मुलगा, सून व दोन नातवंडें. न्हाणीघरांत पंधरा लिटरचा गीझर आहे. मार्चपासून तो बंद असतो, कारण एप्रिल-मेमध्यें गच्चीवरील टांकींतलें पाणीच अंगाला सोसणार नाहीं इतकें तापलेलें असतें. जूनमध्यें पाऊस सुरू झाला, हवा ओलावली, आईला ऊन पाणी हवेंसें झालें, कळ दाबली आणि अंधार. वायरमन आला, "कॉइल गेली" म्हणाला, नवी बसवून गेला. पुढच्या जूनमध्यें पुन्हां तोच प्रकार. दुसरा वायरमन आला. त्यानें फळीवरची सोळा अँपिअरची एमसीबी काढून बत्तीसची लावली. दोन दिवसांनीं पुन्हां अंधार. तिसऱ्यानें मात्र पांच मिनिटांत रोग बरा केला. त्यानें प्लग उघडून त्यांतील हिरवी तार सोडविली. त्यानंतर कळ पडेनाशी झाली. मुलानें समाधानानें पैसे दिले. चार दिवसांनीं आई म्हणाली, "अरे, तोटीला हात लावला कीं मुंग्या येतात."

तिसऱ्या वायरमनच्या दुरुस्तीचा खरा अर्थ आईच्या या बोलण्यांत आहे. तो समजण्यासाठीं गीझरच्या पोटांत डोकावलें पाहिजे.

गीझरची कॉइल म्हणजे उघडी तार नव्हे. मध्यें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्र धातूची बारीक तार असते. या मिश्रणाचें पेटंट अमेरिकेंत आल्बर्ट मार्श यास १९०६ मध्यें मिळालें, आणि तेव्हांपासून विजेच्या बहुतेक शेगड्या, इस्त्र्या व बंब त्यावरच चालतात. या तारेभोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड घट्ट दाबून भरलेली असते, आणि बाहेरून तांब्याची किंवा तत्सम धातूची नळी असते. ही पूड मोठी गुणी आहे. ती उष्णता जाऊं देते, वीज जाऊं देत नाहीं. दोन किलोवॅटची कॉइल २३० व्होल्टच्या दाबावर सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेते, आणि पंधरा लिटर पाण्याचें तपमान पस्तीस अंशांनीं चढविण्यास तिला अठरा-एकोणीस मिनिटें लागतात. ज्या घरांत याहून पुष्कळ अधिक वेळ लागूं लागला असेल तेथें कळ पडत नसली तरी कांहीं तरी बिघडत चाललें आहे असें समजावें.

परंतु त्या गुणी पुडींत एक दोष आहे. ती हवेंतील ओल शोषून घेते. नळीच्या टोंकांशीं जेथें तारा जोडतात तेथें तिला लाखेसारखें बूच मारलेलें असतें; तें वयोमानानें तडकलें कीं दमट हवा हळूहळू आंत शिरते. रोज वापरांत असलेली कॉइल रोज तापून स्वतःस वाळवीत असते. तीन महिने निजलेली कॉइल मात्र जूनच्या हवेंत ओली होते, आणि पहिल्याच दिवशीं तिच्यांतून थोडी वीज नळीकडे झिरपूं लागते. कल्पिलेल्या घरांत बिघाड नेहमीं जूनमध्येंच कां होई याचा उलगडा येथें होतो. तेथें प्रत्येक वेळीं जी कॉइल फेंकून दिली ती जळलेली नव्हती, केवळ ओलावलेली होती, असा संभव मोठा आहे. "आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं" या म्हणींतला बंब आग विझविणारा असला, तरी म्हण येथें लागू पडते.

ही झिरपणारी वीज ओळखणारा जो पहारेकरी फळीवर बसविलेला असतो त्याला आरसीसीबी, किंवा जुन्या संवयीनें ईएलसीबी, म्हणतात. त्याची व शेजारच्या एमसीबीची गल्लत करण्यांतच अर्धे घोटाळे होतात. एमसीबी तारांचें रक्षण करते. ठरल्यापेक्षां अधिक प्रवाह वाहूं लागला कीं ती पडते, नाहीं तर भिंतींतल्या तारा तापून जळाल्या असत्या. आरसीसीबी माणसाचें रक्षण करते. एका तारेनें किती वीज गेली आणि दुसरीनें किती परत आली याचा ती सतत ताळा घेते, आणि घरगुती जातीची असेल तर तीस मिलिअँपिअरची तूट आढळतांच एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत सर्व बंद करते. तीस मिलिअँपिअर म्हणजे वीस अँपिअरच्या एमसीबीला जाणवणाऱ्या प्रवाहाचा सहाशेंवा हिस्साही नव्हे. माणूस मरण्यास एवढ्याशा प्रवाहाच्या दोनतीन पट पुरे होतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील चार्ल्स डाल्झील यांनीं माणसाचें शरीर किती प्रवाह सोसूं शकतें याचा वर्षानुवर्षें अभ्यास केला, आणि १९६१ मध्यें याच तत्त्वावरील लहान, जलद उपकरण सिद्ध केलें. तेव्हां दुसऱ्या वायरमननें सोळाच्या जागीं बत्तीसची एमसीबी लावली हें दुहेरी अज्ञान होय. जी पडत होती ती आरसीसीबी. तिला त्यानें हातही लावला नाहीं. आणि जी निमूटपणें आपलें काम करीत होती तिला बदलून भिंतींतल्या तारा मात्र उघड्यावर टाकल्या.

म्हणून अंधार झाला कीं फळीपाशीं जाऊन कोणती कळ खालीं आली आहे हें आधीं पाहावें, आणि शक्य तर लिहून ठेवावें. मग केव्हां पडली तें आठवावें. दाबल्याबरोबर आरसीसीबी पडत असेल तर कॉइल ओली किंवा फुटकी आहे. पांचसात मिनिटांनीं पडत असेल तर कॉइलच्या नळीला सूक्ष्म चीर असून ती तापल्यावर उघडते, किंवा बुडाची रबरी चकती झिजून पाण्याचा थेंब जोडांवर उतरतो. झांकण काढल्यावर हिरवट डाग दिसला तर या दुसऱ्या तर्काला पुरावा मिळाला. कधीं कधीं गीझर एकटा चालू असतां कांहीं होत नाहीं, आणि शीतकपाट, धुण्याचें यंत्र वगैरे चालू असतांच कळ पडते. अशा वेळीं दोष सर्वस्वी गीझरचा नसतो. प्रत्येक उपकरणांतून थोडी थोडी वीज झिरपतच असते. आरसीसीबी त्या सर्वांची बेरीज करते, आणि बेरीज पुरी होण्यास जो शेवटीं आला त्याच्यावर आळ येतो. उल्हास नदीच्या काठच्या सखल वस्त्यांतून ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरासारख्या प्रसंगीं तळमजल्यांच्या भिंतींतील नळ्यांत पाणी शिरतें. भिंती वरून वाळतात, पण आंतील जोड ओल धरून राहतात, आणि पुढें कित्येक दिवस दोष भिंतीचा आणि बोभाटा गीझरचा असें चालतें.

याहून चकविणारा एक प्रकार आहे. गीझरची कळ बंद आहे, दिवा विझलेला आहे, तरीही घरांतील आरसीसीबी पडत राहते. गृहस्थ म्हणतो, "गीझर तर बंद आहे, म्हणजे दोष दुसरीकडे असला पाहिजे." हा तर्क चुकीचा आहे. साधी कळ दोन तारांपैकीं एकच, म्हणजे फेज, तोडते. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. फुटक्या कॉइलमधून न्यूट्रलचा जमिनीशीं संबंध आला असेल तर घरांतील इतर दिव्या-पंख्यांचा परतीचा प्रवाह कांहीं अंशीं त्या आडवाटेनें निघून जातो आणि ताळा चुकतो. म्हणून कळ बंद करणें पुरेसें नाहीं, प्लग उपटून काढला पाहिजे. प्लग काढल्यावर कळ स्थिर राहिली तर चोर सांपडला. गीझरसाठीं दोन्ही तारा तोडणारी दुहेरी कळ बसवितात ती याचसाठीं. ज्या घरीं गीझरची तार प्लगाशिवाय थेट भिंतींत गेलेली असेल तेथें अशी कळ नसणें ही मोठीच उणीव होय.

आरसीसीबी न पडतां एमसीबी पडत असेल तर शोधाची दिशा निराळी. त्याच तारेवर इस्त्री किंवा दुसरें जड यंत्र चालत आहे काय, हें प्रथम पाहावें. तसें नसेल तर प्लगाला हात लावून पाहावें. अर्थात् कळ बंद केल्यावर आणि कोरड्या हातानें. तो कढत असेल, किंवा त्याच्या पितळी पायांभोंवतीं काळवंडलें असेल, तर आंत जोड ढिला आहे. ढिल्या जोडाचें गणित ज्यूलच्या नियमानें सहज मांडतां येतें: अर्ध्या ओहमचा अडथळा आणि पावणेनऊ अँपिअर प्रवाह, यांतून सुमारें अडतीस वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे डाग देण्याच्या लहान खुंट्याएवढी उष्णता त्या प्लगाच्या पोटांत कोंडलेली असते. प्लग नवा आणला आणि भिंतींतला साचा तसाच ठेवला तर जळक्या साच्याच्या सैल पकडींत नवा प्लगही महिन्याभरांत काळा पडतो. दोन्ही एकदमच बदलावे लागतात.

कळ कोणतीच पडत नाहीं आणि पाणीही तापत नाहीं, हा तिसरा प्रकार. येथें गीझरच्या आंतील उष्णतारक्षकाचा प्रश्न येतो. थर्मोस्टॅट पाणी पुरेसें तापलें कीं प्रवाह तोडतो. तो चिकटून बसला तर त्याच्यावर देखरेख करणारा कट-आउट प्रवाह कायमचा तोडतो, आणि पुष्कळ गीझरांत तो हातानें बोंडी दाबूनच पूर्ववत् करावा लागतो. ही बोंडी एकदां दाबण्यास हरकत नाहीं. पण आठवड्यांतून दोनदां दाबावी लागत असेल तर थर्मोस्टॅट बदलला पाहिजे. कट-आउट बाजूस सारून तारा परस्पर जोडण्याची युक्ति कांहीं कारागीर करतात. त्या टांकीवरील दाब सोडणारी झडप क्षारांनीं बुजलेली असेल तर बंद टांकींत पाणी उकळून ती फुटण्याची भीति असते.

क्षारांचा उल्लेख आलाच आहे. शहाड उल्हास नदीच्या काठीं आहे, आणि येथून उचललेलें नदीचें पाणी पार भिवंडी, ठाणें व मीरा-भाईंदरपर्यंत जातें. परंतु काठावरच्या इमारतींतही उन्हाळ्यांत बोअरचें किंवा टँकरचें पाणी टांकींत पडतें. जमिनींतील पाणी खडकांतून झिरपतांना चुन्याचे क्षार विरघळवून आणतें. तें तापलें कीं क्षार वेगळे होऊन जेथें उष्णता सर्वांत अधिक तेथें, म्हणजे कॉइलवरच, पांढऱ्या कवचाच्या रूपानें बसतात. मग आंतील उष्णता पाण्यांत जात नाहीं, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि अखेर चिरते. ज्या घरीं दर वर्ष-दीड वर्षाला कॉइल खरोखरच फुटते तेथें कॉइलच्या कंपनीस दोष देण्यापूर्वी टांकींतलें पाणी तपासून घ्यावें. वर्षांतून एकदां टांकी उघडून कॉइल सायट्रिक आम्लाच्या म्हणजे लिंबूसत्त्वाच्या पाण्यांत भिजवून साफ करावी, आणि टांकीच्या पत्र्याऐवजीं स्वतः झिजण्यासाठीं जी मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते ती उरली आहे कीं नाहीं तें पाहावें. ती कांडी संपून गेलेली असूनही घरांत कोणाला तिचें नांव ठाऊक नसतें. पाणी पन्नास-पंचावन्न अंशांपलीकडे न तापविल्यास कवचही सावकाश धरतें. उगाच पंचाहत्तरपर्यंत कढवून पुन्हां त्यांत गार पाणी मिसळण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

राहिली हिरवी तार. ती गीझरच्या धातूच्या अंगापासून निघून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली असते. कॉइलमधून झिरपलेली वीज तिच्या वाटेनें जमिनींत जाते, आरसीसीबीला तूट दिसते आणि कळ पडते. तिसऱ्या वायरमननें ही वाट तोडली. वीज झिरपणें थांबलें नाहीं. तिला जाण्यास जागा उरली नाहीं, इतकेंच. पाण्याच्या नळ्या पूर्वी लोखंडी होत्या तेव्हां त्यांतून ती निदान जमिनीकडे जाई. आतांच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून जवळजवळ जात नाहीं. मग गीझरचें अंग आणि पोलादी विणीच्या जोडनळीनें त्याला जोडलेली पितळी तोटी तशीच भारलेली राहते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून कोणी तोटीस हात लावला कीं तिला वाट मिळते. आरसीसीबी असेल तर ती त्या क्षणीं पडेलही. पण तूट मोजण्याचें साधन तोंवर म्हाताऱ्या आईचें शरीर झालेलें असतें. आणि ज्या जुन्या घरांत आरसीसीबी मुळींच नाहीं तेथें पडण्यास कांहींच नसतें.

हिरवी तार प्लगमध्यें जोडलेली दिसली म्हणून ती जमिनीपर्यंत पोंचलीच, असेंही धरून चालूं नये. जुन्या इमारतींचे अर्थिंगचे खड्डे मीठ-कोळसा घालून केलेले असतात; वर्षानुवर्षें कोणी त्यांत पाणी घालीत नाहीं, उन्हाळ्यांत ते वाळतात, त्यांतील पट्टी गंजून तुटते. आरसीसीबीवरील परीक्षेची बोंडी दरमहा दाबून पाहावी, परंतु ती केवळ त्या यंत्राची परीक्षा होय. खड्ड्याबद्दल ती कांहीं सांगत नाहीं. त्यासाठीं परवानाधारक माणसाकडून निराळें मापन करवून घ्यावें लागतें.

तोटीला मुंग्या येतात असें आईनें सांगितल्यावर मुलानें मात्र योग्य तें केलें. त्यानें मुख्य कळ बंद केली, गीझरचा प्लग काढला, आणि तिसऱ्या वायरमनला न बोलावतां परवाना असलेल्या एका जुन्या माणसास बोलाविलें. त्यानें पेटींतून पांचशें व्होल्टचा मेगर काढून कॉइलच्या टोंकाला व अंगाला लावला. जेथें निदान एक मेगओहम दिसावयास हवा तेथें त्याचे थोडेसेच हजार ओहम भरले. साध्या मीटरवर तारेचा विरोध मात्र बरोबर सव्वीस ओहम आला. म्हणजे तार शाबूत, पूड ओली. त्यानें कॉइल काढून पाण्याबाहेर मंद आंचेवर दोन तास वाळविली, आणि मेगरचा कांटा वर चढला. तडकलेलें बूच त्यानें नव्यानें बंद केलें, झिजलेली चकती बदलली, फळीवरची बत्तीसची एमसीबी काढून पुन्हां सोळाची लावली आणि हिरवी तार जोडली. इमारतीचा खड्डा मोजला तेव्हां तो कोरडा ठणठणीत निघाला. त्याकरितां सोसायटीच्या चिटणिसांशीं वाद झाला आणि आठ दिवस गेले. तोंपर्यंत घरांत चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, पातेल्यांत पाणी तापत होतें.

तेव्हांपासून त्या घरीं पावसाळ्याच्या तोंडाशीं, आई ऊन पाणी मागण्यापूर्वीच, मेगर लागतो. आणि एप्रिल-मेमध्यें, आंघोळीला नको असला तरी, पंधरवड्यांतून एकदां गीझर भरलेल्या टांकीवर वीस मिनिटें चालवून कॉइल कोरडी ठेवतात. नातवंडांना या वेळीं न्हाणीघरांत जाऊं देत नाहींत. आई मात्र अजूनही तोटीला हात लावण्यापूर्वी एकदां बोटाच्या पाठीनें ती चांचपून पाहते.